कड सापडली नाही तर

नव्वदच्या सुमारास माझी थोरली बहीण ठाण्याच्या मासळी बाजारात बसायची. तिचं सासर खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं होतं, आमचं माहेरही तशाच वस्तीतलं. मी डोंबिवलीला राहून एका दैनिकात नोकरी करत होतो आणि सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जेवायला जायचो.

बर्फात हात घालून काम करणाऱ्या बायकांची बोटं बधिर होतात. बाजारात तो कामाचाच भाग मानला जातो. बहिणीचे हात घरी आल्यावरही बधिर राहू लागले, तेव्हा ते कोणाला खटकलं नाही. उलट तिचा लौकिक वाढला. फोडलेला बर्फ ती नुसत्या हातांनी उपसायची आणि शेजारची बाई गिऱ्हाइकांना सांगायची, "हिला कसली थंडी गो, ही बर्फाचीच पोर!" एकदा कोयत्यानं बोट कापलं, तेही तिला गिऱ्हाइकानं सांगितलं. त्यावर सगळ्या हसल्या. तीही हसली.

मग पाय जड झाले, पायरीवर अडखळू लागले. ठाण्यातल्या डॉक्टरांनी मानेच्या मणक्यांची झीज सांगून गळ्याला पट्टा दिला. पट्टा घालून ती बाजारात बसली.

"नवऱ्यानं बांधलाय वाटतं, पलून जाशील म्हनून," शेजारची बाई म्हणाली.

"पलायला पाय नको काय?" ती म्हणाली.

पट्ट्यानं फरक पडला नाही. कल्याणच्या एका डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून दोन काचनळ्या आळीपाळीने हाताला लावल्या. एकीत गरम पाणी होतं, एकीत गार. कापसाचा स्पर्श तिला कळत होता. गरम कुठलं आणि गार कुठलं, ते कळत नव्हतं. त्यांनी मुंबईला एमआरआय काढायला पाठवलं. गाठ मानेत होती. मणक्यात नव्हे, मणक्याच्या आतून जाणाऱ्या मज्जारज्जूच्या पोटात.

आम्ही दोन सर्जनांना भेटलो. दोघंही मानेच्या मागूनच जाणार होते. तिथपर्यंत दोघांचं एकमत होतं.

पहिले म्हणाले, मणक्यांच्या मागच्या कमानी काढतो, रज्जूवरचं आवरण उघडून जागा मोकळी करतो, तपासायला एक तुकडा घेतो. गाठीला याहून जास्त हात लावणार नाही. नंतर लाइट द्यायचे. म्हणजे रेडिएशन.

दुसरे मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात होते आणि मायक्रोस्कोपखाली ऑपरेशन करत. ते रज्जू मधोमध चिरून गाठ बाहेर काढणार होते. काही गाठींना कड असते, त्या सोलल्यासारख्या सुटतात. काही रज्जूतच मिसळलेल्या असतात. कुठली आहे ते आत गेल्यावरच कळतं.

"पाठीतनं चिरनार?" बहिणीनं विचारलं.

"हो. या गाठीला पुढून वाट नाही."

"आमी खारवायचा मोठा मासा पाठीतनं फाडतो. म्हंजे मना खारवनार तुमी."

सर्जन हसले. भावोजी हसले नाहीत.

मग तिनं हातांचं विचारलं. सर्जननी काही लपवलं नाही. चिरेमुळे हातांची जाण जाऊ शकते. ताकद राहील, पण बोट कुठे आहे ते बघितल्याशिवाय कळणार नाही. कड नसताना ओढत बसलो तर ताकदही जाईल. काहीच केलं नाही तर हातपाय जातील आणि शेवटी श्वास.

ती म्हणाली, "मंग असं करा. कड गावली तर काढा. नाय गावली तर थांबा. हात मना पायजेत."

"ठीक आहे," सर्जन म्हणाले.

बाहेर आल्यावर भावोजी चिडले. "अर्धी ठेवायची तर उघडायची कशाला? घरात शिरलेला साप कोन अर्धा ठेवतो काय?"

"मान माजी हाय," बहीण म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी सर्जन स्वतः बाहेर आले. मास्क गळ्याशी ओढलेला होता. खालच्या बाजूला कड मिळाली होती आणि तिथली गाठ निघाली होती. वरचं टोक सुटत नव्हतं. ते म्हणाले, पुढे जाता येईल, पण हातांची खात्री देता येणार नाही. थांबलो तर उरलेली वाढेल, कधी ते सांगता येत नाही. त्यांना घरच्यांचं मत हवं होतं.

"काढा सगली," भावोजी म्हणाले. "डॉक्टर, पाया पडतो, काढा."

मी म्हणालो, "ती थांबा म्हणाली होती. तुमच्यासमोर."

सर्जननी दोघांकडे पाहिलं, मान हलवली आणि आत गेले. ते थांबले.

लाइट झाले. हात वाचले, पाय सुधारले. कोयता ती आता बघूनच चालवायची, पण चालवायची. ती पुन्हा बाजारात बसू लागली. भावोजी माझ्याशी बोलेनासे झाले. मी घरात आलो की ते जाळं घेऊन अंगणात जात. बहीण दोघांना एकाच वेळी जेवायला वाढायची आणि मध्ये बसून एकटीच बोलायची.

दोन-अडीच वर्षं अशी गेली. मग ताट उचलताना ते हातातून सुटलं. त्यानंतर सगळं लवकर झालं. आधी बोटं, मग मनगटं, मग पाय. भावोजींनी बोटीवर जाणं सोडलं. ते तिला भरवत, पुसत, कुशीवर वळवत. एका दुपारी मी बाजूला बसलो असताना ते पेजेचा चमचा वाटीत ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू थांबा म्हनालेलास."

"मी म्हनालेली," बहीण म्हणाली. आवाज बारीक झाला होता, वाक्यामध्ये दम घ्यावा लागत होता. "याला कशाला बोलता?"

तिनं माझ्याकडे मान वळवायचा प्रयत्न केला. "बाला, डॉक्टरकडं जा. सांग, आता सगली काढ. कड नसू दे. हात गेलेच हायत. आता काय राखायचंय?"

नव्या एमआरआयच्या फिल्मा घेऊन मी गेलो. सर्जननी त्या दिव्याच्या चौकटीवर लावल्या आणि बराच वेळ पाहिल्या. गाठ वर सरकून मेंदूच्या देठापर्यंत गेली होती. पहिल्या चिरेच्या जागी सगळं चिकटलेलं होतं. मी विचारलं, पुढून? ते नाही म्हणाले. बाजूने? नाही. पुन्हा मागूनच, थोडी तरी? त्यांनी फिल्मा उतरवून पाकिटात घातल्या आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "त्या दिवशी सगळी काढायला गेलो असतो, तरी काय झालं असतं ते मला आजही माहीत नाही," ते म्हणाले. मी ते विचारलं नव्हतं.

कोळीवाड्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ती जागी होती. भावोजी उशाशी बसले होते आणि मी आलो तरी उठून बाहेर गेले नाहीत.

"काय म्हनाला?"

"नाही म्हणाला."

"नीट सांगितलंस ना? हात नको म्हनून?"

"सांगितलं."

"परत जा. नीट सांग," ती म्हणाली. "त्याला वाटत आसंल, मना अजून हात पायजेत."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पिशवीतून फिल्मांचं पाकीट काढून पुन्हा माझ्या हातात दिलं.