रत्नमाला सिस्टरचा जिना

रिसोडात तुमच्या हातची घरं किती, असं भिवाजी गवंड्याला चुकूनही विचारू नका. म्हातारा बोटांवर मोजायला बसतो आणि तुमचा चहा गार होतो. चाळीस वर्षं हातात थापी आणि ओळंबा, दुसरं काही केलं नाही. त्याची बायको लिलाबाई म्हणते, "या मानसाले लोकायची नावं याद राहत नाहीत, त्यायच्या भिंती याद राह्यतात." खरंच आहे ते. पण या साऱ्या घरांत एक घर असं आहे की त्याचं नाव निघालं की हा बोलका माणूस गप्प होतो. ते घर रत्नमाला सिस्टरचं. म्हणजे, निम्मं तिचं. निम्मं कसं, तीच तर गोष्ट आहे.

सिस्टर म्हणजे नर्स. किन्हीराजाकडच्या उपकेंद्रात नोकरीला, रोज सकाळी सहाची एसटी. घर बांधलं ते मात्र तिच्या नवऱ्यानं, उत्कर्षनं, आणि तेही लग्नाच्या आधी. शाळेत क्लार्क होता, पै पै जमवून गावाबाहेर प्लॉट घेतला आणि भिवाजीकडून दोन खोल्या बांधून घेतल्या. बाप म्हणाला, पुढंमागं वर बांधायचंच आहे तर जिना आताच करून ठेव. म्हणून आतल्या खोलीला लागून, घरातूनच जिना काढला. वर नुसता स्लॅब आणि आभाळ. लोक हसायचे, हा जिना चढून पोरगं जाणार कुठं म्हणून.

लग्न झालं आणि तीन वर्षांनी वरच्या खोल्या निघाल्या. त्या सिस्टरच्या पगारातून. भिवाजीला हे कोणी सांगायची गरज नव्हती, दर शनिवारी मजुरी तिच्याच हातून मिळायची. आणि नुसती मजुरीच नव्हे. वरचा स्लॅब टाकला त्या दिवसापासून पहाटे पाच वाजता ही बाई पदर खोचून, पाइप धरून वर उभी. भिवाजी एकदा म्हणाला, "सिस्टर, पानी माराले मजूर हाय ना."

"तुमचा मजूर आठाले येते, दादा. सिमेंट त्याच्यासाठी थांबून राहीन काय?"

एकवीस दिवसांत एकही दिवस चुकला नाही. तो स्लॅब आजपर्यंत एका थेंबाला गळलेला नाही.

चूक झाली ती दुसरीकडेच, आणि ती भिवाजीच्या हातून झाली. आपल्याकडे रीतच आहे, माल कोणीही घेवो, पावती फाडताना दुकानदार गवंड्याला विचारतो, "मालक कोन?" भिवाजी प्रत्येक वेळी म्हणाला, उत्कर्षभाऊ. सिमेंट, लोखंड, रेती, खिडक्या, सगळ्या पावत्या उत्कर्षच्या नावावर. ती शेजारी उभी असायची, पर्समधून नोटा काढत. तीही काही बोलली नाही. एकाच घरातले दोघं, नाव कोणाचं का असेना.

पुढं दोघांचं पटेनासं झालं. का, ते भिवाजीला कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही. मूलबाळ नव्हतं. दोन वर्षं उत्कर्ष खाली आणि ती वर, एकाच छताखाली दोन चुली. शेवटी दोघांनी राजीखुशीनं काडीमोड घ्यायचं ठरवलं. दागिने वाटले, भांडी वाटली, गाडी त्याला गेली. घरापाशी येऊन मात्र गाडं रुतलं.

वकिलांनी समजावलं ते सरळ होतं. लग्नाआधी घेतलेलं घर ज्याचं त्याचं, बायको झाली म्हणून त्यात हिस्सा आपोआप मिळत नाही. लग्नानंतर तिनं त्यात पैसा घातला असेल तर तो तिनं दाखवून द्यावा. आता दाखवायचं काय? पावत्या सगळ्या नवऱ्याच्या. उत्कर्ष म्हणत होता, वरचंही मीच बांधलं, हे बघा कागद. रागात माणूस काहीही बोलतो, पण कागद त्याच्याच बाजूनं होते. सिस्टरला त्या दोन खोल्या सोडून जायला दुसरं घर नव्हतं. माहेर कधीच बंद झालं होतं.

मध्यस्थीला नेमलेल्या वकीलबाईंनी दोघांची संमती घेतली आणि म्हणाल्या, ज्या गवंड्यानं घर बांधलं त्यालाच बोलवा, घरी बसूनच विचारू.

भिवाजीला निरोप आला तेव्हापासून त्याला जेवण गोड लागेना. पावत्यांचा सगळा घोळ त्याच्याच तोंडचा. आणि त्याच्या डोक्यात एकच हिशोब, गवंड्याचा. वरच्या खोल्या तिला मिळाल्या तरी जिना त्याचा निघाला तर? बिनजिन्याच्या खोल्या घेऊन बाई करणार काय, उडून जाणार? उद्या नवऱ्यानं जिन्याच्या दाराला कुलूप घातलं की संपलं. म्हणून त्यानं मनाशी पक्कं केलं, जिना लग्नानंतरचा सांगायचा. वरच्या कामाबरोबरचा. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाशी खोटं बोललो नाही, आता एकदा बोलू.

ठरल्या दिवशी सकाळी खालच्या खोलीत सगळे बसले. वकीलबाई, दोघांचे वकील, उत्कर्ष दाराशी, सिस्टर भिंतीला टेकून.

"वरच्या खोल्या कोणी बांधून घेतल्या?"

"सिस्टरनं," भिवाजी म्हणाला. "मजुरी त्यायनंच देल्ली. पावतीवर उत्कर्षभाऊचं नाव मी घालाले लावलं. आमच्या धंद्यात रीत हाय तशी. चूक माही हाय."

"आणि जिना?"

"जिनाही तवाचाच. वरच्या कामासंगंच काढला."

सिस्टरच्या वकिलानं लगेच पेन उघडलं. उत्कर्ष ताडकन उठला, तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच ती बोलली.

"नाही, दादा. जिना पहिलेचा हाय."

भिवाजीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"मी लग्न होऊन आली त्या दिवशी माप ओलांडलं आन याच जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून आत जायाची वाट पाहून राह्यली होती," ती उत्कर्षकडे हात करत वकीलबाईंना म्हणाली. "सासूबाई म्हने, इथंच थांब, आतल्या खोलीत गर्दी हाय. जिना यायचा हाय, माहा नाही. यायच्या बाबानं उन्हातान्हात उभं राहून बांधून घेतला. खालच्या दोन खोल्याही यायच्याच. माह्या वरच्या दोन, आन तेवढ्याच."

तिचा वकील डोक्याला हात लावून बसला. वकीलबाई हळूच म्हणाल्या, "ताई, जिन्याशिवाय वर जाल कशा?"

"बाहेरून बांधून घेईन. जागा हाय गल्लीच्या बाजूनं, तेवढी यायनं देल्ली तं."

भिवाजीनं मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते आणि त्याला लाजही वाटत नव्हती. एवढ्या वर्षांत त्यानं लोकांना विटेच्या रुंदीवरून भावाच्या अंगावर धावून जाताना पाहिलं होतं. आणि ही बाई, जिच्याजवळ दुसरं छत नाही, हातात आलेला जिना परत देत होती. आपण जिला वाचवायला निघालो होतो ती आपल्यापेक्षा कितीतरी उंच आहे, असं त्याला वाटलं, आणि ते त्यानं नंतर लिलाबाईला असंच्या असं सांगितलं.

उत्कर्ष उभाच होता. त्यानं जिन्याकडे पाहिलं. मग वकीलबाईंना म्हणाला, "वरचं तिचंच हाय. पैसा तिचाच होता. पावत्या मी खोट्या दाखवल्या नाहीत, पन खरंही सांगितलं नाही. लिहून घ्या." आणि पुढं म्हणाला, "गल्लीकडची जागाही लिहा."

तसं लिहिलं गेलं, सह्या झाल्या.

बाहेरचा जिना भिवाजीनंच बांधायला घेतला. विटांचा, भक्कम, मध्ये टेकायला चौथरा घालून. वीस-बावीस दिवसांचं काम. आणि त्या दिवसांत त्यानं जे पाहिलं ते त्याला अजून कोणाला नीट सांगता येत नाही. संध्याकाळच्या एसटीनं सिस्टर यायची, खालच्या दाराशी थांबायची आणि हाक द्यायची, "जाऊ काय वर?"

अकरा वर्षं ती ज्या जिन्यानं चढली-उतरली, त्याच जिन्याची परवानगी. पहिल्या दिवशी उत्कर्ष नुसता बाजूला झाला. मग रोजचंच झालं. ती विचारायची, तो म्हणायचा, "जा." कधी त्यापुढं एक शब्द, "पानी आलं नाही आज," किंवा "एसटी उशिरा आली काय?" ती थांबून उत्तर द्यायची. भिवाजी थापी चालवत ऐकायचा. दोन वर्षांत दोघं एवढं बोलले नसतील.

त्याला एकदा वाटलं, काम जरा लांबवावं. पण लांबवलं नाही. ते त्या बाईला आवडलं नसतं.

काम संपलं. पायऱ्या वाळल्या. त्या संध्याकाळी सिस्टर गल्लीतून आली, नव्या जिन्याच्या कठड्यावर एक हात ठेवून क्षणभर थांबली आणि वर निघून गेली. तिला आता कोणाला विचारायचं नव्हतं.

भिवाजी हत्यारं पोत्यात भरून पुढच्या बाजूनं निघाला. उत्कर्ष खालचं दार उघडून बाजूला सरकून उभा होता. भिवाजीला पाहून त्यानं विचारलं, "एसटी आली नाही काय अजून?"

"आली, भाऊ," भिवाजी म्हणाला. "त्या वर गेल्या."