धाकट्या लक्ष्मीचं अंतराळयान

थोरल्या वहिनींनी एका अंतराळयानाला साडी नेसवून महालक्ष्मी म्हणून बसवलं, यात त्यांची काहीच चूक नव्हती.

त्या वर्षी आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या पहिल्यांदाच वहिनींच्या जनवाड्याहून चिटगुप्प्याला, माझ्या घरी यायच्या होत्या. गुडघ्यांमुळे वहिनींना आता होत नव्हतं. पण निरोप कडक होता. "ह्या बारीला बघते. नीट झालं तर तुमच्याकडंच ऱ्हातील, न्हाई तर माझ्या मी परत नेते." तेव्हापासून माझ्या बायकोची, सुनंदाची, झोप उडाली. मी निर्धास्त होतो (मला कुणी काम सांगितलं नव्हतं).

इकडे देखाव्यावरून आमच्या दोन पोरींची जुंपली. थोरल्या मेघाला टीव्हीवरच्या मालिकेतलं अंतराळयान हवं होतं, निळ्या तोंडाच्या कप्तानणीसकट. धाकट्या चिऊला कार्टून सिनेमातलं मुंगसाचं कुटुंब हवं होतं. भागावर भाग निघाले, तरी त्या बिचाऱ्यांना अजून घर सापडलेलं नाही.

"मुंगसं यानात बसली तर?" मी म्हणालो.

"कप्तानीण त्यांना कामून घेईल, अप्पा?" मेघा म्हणाली.

"यानात साप शिरलाय की," चिऊ म्हणाली.

खरं सांगतो, मी थक्क झालो. सिनेमा आणि मालिकेची सोयरीक जुळवायला तिकडे मोठमोठी डोकी लागत असतील. माझ्या पोरींनी चहा निवायच्या आत साखरपुडा उरकला.

यान करायचं मी अंगावर घेतलं. वहिनींनी आधी धाडलेल्या सामानात पत्र्याची एक निमुळती कोठी सापडली. धान्याबिन्याची असेल म्हणून मी माझ्या दुकानातल्या पत्रा कापायच्या कात्रीनं तिच्या पोटाला गोल खिडकी पाडली, रुपेरी रंग दिला, आत दिव्यांची माळ सोडली. (लक्ष्म्या मी जन्मभर साडी नेसलेल्याच पाहिल्या. साडीखाली काय असतं ते पुरुषमाणसानं बघायची आमच्यात रीत नाही.)

वहिनी आल्या. त्यांच्या सामानातून लक्ष्म्यांचे मुखवटे दोन निघाले, कोठी एकच.

"भावजी, धाकलीची कोठी कुठाय?"

"कसली कोठी?"

"पत्र्याची. जिच्यावर मुखवटा बसवून साडी नेसवायची, ती."

सगळ्यांनी यानाकडे पाहिलं. ते लुकलुकत होतं. खिडकीतून चिऊनं शिवलेलं मुंगूस डोकावत होतं.

"हे काय हाय?" वहिनींनी खिडकीत बोट घातलं.

"खिडकी," मी म्हणालो.

"लक्ष्मीच्या पोटाला?"

चिऊ मध्ये पडली. "मोठी आई, लक्ष्म्या माहेराला यायल्यात नव्हं? थोरली बैलगाडीनं आली. धाकली लांब दिलीया, ती यानातनं आली. मुंगसं तिला सोडायला आल्यात."

वहिनींनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा यानाकडे. मग म्हणाल्या, "सुनंदा, साडी आण. जाडी बघून आण."

साडी काही पुरेशी जाड निघाली नाही आणि माळ काढायची राहून गेली. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायका धाकटीपुढून हलेनात. "यंदा तेज लई हाय," म्हणत जी ती हात जोडत होती.

तिसऱ्या दिवशी वहिनी निघताना म्हणाल्या, "लक्ष्म्या आता हितंच ऱ्हातील."

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी छाती फुगवली. "म्हणजे यान आवडलं म्हणायचं."

"पोरींची गोष्ट आवडली," वहिनी म्हणाल्या. "अन् भोक पाडलेली कोठी घिऊन मी गावात काय तोंड दाखवू?"

तर अशा रीतीनं आमच्या घराण्याची लक्ष्मी मी कात्रीच्या जोरावर मिळवली आहे. ती कात्री मात्र सुनंदा आता दर भादव्यात कुलपात ठेवते.