मिसळीचे वाल

लग्न होऊन मी उमरठच्या बाजूच्या आमच्या बौद्धवाडीत आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच थंडीत मला वाल पेरायला नेलं. भात कापून झालं होतं, मळ्यात अजून ओल होती. त्यांच्या सुपातलं बियाणं बघून मी चकित झाले. पांढरे टपोरे दाणे, बारके तांबडे आणि काळ्या ठिपक्यांचे, सगळं एकत्र. माझ्या माहेरी, महाडजवळ, एकाच रंगाचे वाल पेरत. मी निवडून देऊ का विचारलं तर त्या म्हणाल्या, राहू दे, असंच पेरायचं. तांबडा लवकर हाताशी येतो, ठिपक्यांचा उशिरा आणि चिवट, पांढरा जेवायला चांगला. एवढंच सांगून त्या पुढे गेल्या.

वरच्या वाडीत तोवर नवं बियाणं आलं होतं. सगळं पांढरं, एकसारखं. महाडचा व्यापारीही तसलाच माल मागायचा, त्यामुळे घरोघर तेच झालं. दोन हंगाम चांगले गेले. तिसऱ्या वर्षी थंडीत आभाळ भरून राहिलं आणि ऐन फुलोऱ्यात माव्याची कीड पडली. सगळं शेत एकाच वेळी फुलावर असल्यामुळे सगळंच गेलं. हाती आले ते दाणे पोचट होते, आणि पुढच्या पेरणीला ते उगवलेच नाहीत. आमच्याही मळ्यातला पांढरा गेला होता, पण तांबडा आधीच निघाला होता आणि ठिपक्यांचा मागून फुलला.

म्हणून वरच्या वाडीतली एक बाई आमच्याकडे बियाणं मागायला आली. सासूबाई तिच्या शेतात वर्षानुवर्षं लावणीला जात. ती अंगणातच उभी राहिली. मी पाणी आणलं, तर आत्ताच प्यायले म्हणाली. सासरे ओट्यावर बसले होते. ते उठून आत गेले.

आत सासूबाई राखेत ठेवलेल्या बियाण्याचं मडकं उघडत होत्या. सासरे हळू आवाजात म्हणाले, "आपलं पानी चालत नाय, आन् बियानं चालतं?"

"तिचं शेत पडीक राहील," सासूबाई म्हणाल्या, आणि अर्धं बियाणं राखेसकट काढलं. बाईनं ते पदरात बांधून घेतलं. मला दोघांचंही पटत होतं.

शिमग्याच्या सुमाराला बाईनं गड्याबरोबर बियाणं परत पाठवलं, घेतलं होतं त्याहून जास्तच. पण सगळं पांढरं. सासूबाईंनी दाणे हातावर पसरले, बराच वेळ बघितले आणि म्हणाल्या, "ह्यात तांबडा नाय." मग ते शिजवायच्या डब्यात ओतले. आपलं मडकं घरात आहे, म्हणून आम्ही विषय सोडून दिला.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. माणसं पुढच्या खोलीत होती, ती वाचली. चिखलाखालून मडकं काढलं तेव्हा ते फुटलं होतं आणि आतलं बियाणं मोड येऊन कुजलं होतं. सासूबाईंनी ते एकेक बोटानं चाचपलं, एकही दाणा टणक लागला नाही. भिंतीसाठी त्या रडल्या नव्हत्या, तिथं रडल्या.

भात कापल्यावर त्या मला घेऊन वरच्या वाडीत गेल्या. सासऱ्यांनी अडवलं नाही, पण ते जा असंही म्हणाले नाहीत. बाईला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. व्यापारी मिसळीचा माल घेत नाही, म्हणून तिच्या घरच्यांनी मळणीनंतर रंगाचे दाणे बाजूला काढले होते, खायला. पेरायला ठेवले ते निव्वळ पांढरे.

"थोडे उरलेत बघ," ती म्हणाली, "पन भुंग्यानं खाल्लेत."

तिनं टोपली अंगणात आणून ठेवली. आम्ही तिघी तिच्याभोवती बसलो. भोक पडलेले दाणे टाकायचे, धड असतील ते पदरात घ्यायचे. बाईचा आणि सासूबाईंचा हात एकाच टोपलीत होता. ती मधूनमधून पुटपुटत होती, माझ्या ध्यानातच आलं नाय गो. सासूबाई दाणे निवडत राहिल्या. दुपार झाली. मला तहान लागली होती, पण मी मागितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

घरी येऊन ते दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. तांबड्यांपैकी थोड्यांना मोड आले, ते मळ्यात लावले; ठिपक्यांच्या एकालाही आला नाही. सासूबाई आणखी दोन दिवस फडकं ओलं करत राहिल्या. ठिपक्यांचे दाणे बुळबुळीत झाले तेव्हा त्यांनी ते परसात टाकले.

नंतर त्यांनी ठिपक्यांचे वाल खूप शोधले. पोलादपूरच्या बाजारात, नात्यातल्या घरी, कापडे गावी, कुठे कुठे माणसं पाठवून. लोक म्हणत, पूर्वी होते, आता कोण ठेवतं. तांबड्याचं बियाणं आम्ही दोन-तीन हंगाम नुसतं वाढवलं, त्यातला दाणा जेवणात घेतला नाही. ते टिकलं. पण ज्या वर्षी थंडी उशिरापर्यंत रेंगाळे आणि मावा येई, त्या वर्षी तांबडा निघाल्यावर मळ्यात उभं राहणारं काही नसे. सासूबाई बांधावर उभ्या राहून ते बघायच्या आणि सासरे त्यांच्या शेजारी येऊन थांबायचे.