येतो म्हणायचं नाही

मुडशिंगीच्या फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही तिघं उभे होतो. वडलांच्या, म्हणजे आबांच्या हातात माझ्या सर्टिफिकिटांची फाइल, आईच्या हातात भडंगाचा डबा आणि माझ्या पायात नवे, चावणारे सँडल. पुण्यातल्या एका औषधाच्या कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखत होती. एसटी दिसली तशी मी म्हणाले, "आई, येते मी." आई माझ्याकडं बघतच राहिली.

कारण आमच्याकडं बाई 'येते' म्हणत नाही, 'येतो' म्हणते. मी जातो, मी जेवलो, मी बाजारला गेलतो. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. आई, आजी, शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्याच. त्यात काही वेगळं आहे, हे मला बी.कॉम. होईपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. कॉलेजातल्या एक मॅडम मूळच्या पुण्याच्या होत्या. मुलाखतीचा कॉल आलाय म्हणून सांगायला गेले, तर म्हणाल्या, "इंग्रजीचं नंतर बघू. आधी ते 'मी करतो' बंद कर. हसतील तिथं."

हसतील! मला कुणी हसलेलं तेव्हाही खपत नव्हतं, आजही खपत नाही. आणि ही नोकरी मला हवीच होती. सांगलीचं एक स्थळ चालून आलं होतं. पोरगा बरा, शेती बरी, घाई फार. आबांनी त्या पावण्यांना दिवाळीपर्यंत थोपवून धरलं होतं. मला म्हणाले, "नोकरी लागू दे, मी त्यास्नी सरळ न्हाय म्हणून सांगतो. पर न्हाय लागली तर माझ्याकडं सांगायला काय ऱ्हात न्हाय, बाळ." त्यांचं खोटं नव्हतं. एवढी एकच मुलाखत आली होती.

मग घरात तयारी सुरू झाली. आबा गावच्या दूध डेअरीत कामाला. संध्याकाळी घरी आले की चष्मा लावून खुर्चीत साहेब होऊन बसायचे.

"हां, बोला. शिक्षण?"

"मी बी.कॉम. झालो."

"झाले!" आबा ओरडायचे. "झाले म्हण की!"

चुलीपुढनं आई विचारायची, "पास झालीया न्हवं ती? मग झालो म्हटलं तर काय बिघडलं?"

आबांची खरी पंचाईत वेगळीच होती. मला शिकवायचं म्हणून त्यांना स्वतःलाच 'मी करते, मी जाते, मी राहते' असं म्हणून दाखवावं लागे. ते ऐकायला शेजारच्या आक्का मुद्दाम दारात येऊन उभ्या राहायच्या. "आबा, लुगडं आणू काय?" म्हणून पोट धरून हसायच्या. आबा म्हणायचे, "पळा तिकडं. पोरीचं काम हाय." आणि पुन्हा सुरू, मी करते, मी जाते.

पुण्यात मुलाखत घ्यायला तिघं होते. ट्रायल बॅलन्स विचारला, घसारा विचारला, एकट्या राहू शकाल का विचारलं. "राहू शकते," म्हणाले. जीभ दाताखाली धरल्यासारखी बोलत होते, पण एकही चूक झाली नाही. उठले, फाइल घेतली, दारापाशी वळले आणि सुटल्याच्या आनंदात म्हणून गेले, "बरंय, येतो मी!"

तिघंही हसले. एक साहेब म्हणाले, "या, या. कोल्हापूरचे काय?"

स्वारगेटला एसटीत बसले ती रडतच. गेली नोकरी, आता सांगली, एवढंच डोक्यात होतं. भडंगाचा डबाही उघडला नाही.

पण नोकरी लागली. आबा सांगलीला स्वतः जाऊन नकार सांगून आले. येताना पेढे आणले, आणि पहिला आक्कांना नेऊन दिला.

मी पुण्यात राहिले. आधी हॉस्टेल, मग फ्लॅट, ऑडिट, प्रमोशन. रविवारी एसटीडी बूथवरनं घरी फोन लावायचे. पहिल्यांदा हळूच म्हणायचे, "आई, मी बोलतो." मागं रांगेत हॉस्टेलच्या मुली असायच्या. मग हळूहळू 'बोलतेय' म्हणायला लागले. मोबाइल आला तेव्हा मागं रांग उरली नव्हती, तरी 'बोलतेय'च. बघा, इथं लिहितानासुद्धा 'राहिले' आणि 'उठले'च लिहितेय. मुलाखतीला निघालेल्या आमच्याकडच्या पोरींनो, तुम्हीही हे शिका, त्याशिवाय भागत नाही. आबांनी शिकवलेलं मला आयुष्यभर पुरलं, त्याचं मला काही वाईट वाटत नाही. वाईट वाटलं ते एकदाच.

एका वर्षी ऑडिट लवकर आटोपलं, म्हणून न कळवता घरी गेले. दाराला आतनं कडी होती. दार वाजवून हाक मारली, "आई, मी आले!"

आतनं आईचा आवाज आला, "अवो, बघा की जरा. कोणतरी पावणी आलीया."

मेलं, इतकं लागलं मला ते! पोटच्या पोरीचा आवाज ओळखू नये? दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी पायरीवर तशीच उभी राहिले. रागही आला, डोळेही भरून आले. मग सगळा जोर लावून ओरडले, "आई, मी आलो!"

हातातलं भांडं टाकून आई धावत आली. कडी काढली.

"व्हय गं माझे बाई! मग आदी तसं सांगायचं न्हाय व्हय?"