बापूंचा आवाज आणायला महाळुंग्यापर्यंत

लोक प्रवासाला निघतात तेव्हा घरचं कुणीतरी हातावर दही-साखर ठेवतं. माझ्या हातावर मंदानं, म्हणजे बायकोनं, कुकरची जुनी शिट्टी ठेवली आणि म्हणाली, येताना भोसरीतून असलीच आणा. पिंपरीहून कुरुळी, तिथून महाळुंगे आणि परत, एवढाच माझा प्रवास. तुमच्यापैकी कुणी हिमालय बघितला असेल, कुणी समुद्र. मी पुणे-नाशिक रस्ता बघितला आणि माझं तोंड अजून उघडंच आहे.

आधी मी कोण ते सांगतो. शाळेनं मला पाचवीत सोडलं. घरी मी सांगितलं की मीच शाळा सोडली. मग माइक धरला. लग्नात ऐन मुहूर्ताला "वऱ्हाडी मंडळींनी जेवून घ्यावं" असं ओरडणारा जो माणूस असतो, तो मी. एका लग्नात मी नवरदेव म्हणून त्याच्या थोरल्या भावाचं नाव पुकारलं, आणि थोरल्याची बायको समोरच बसली होती. तरी लोक बोलवतात, कारण माझा आवाज मंडप सोडून बाहेर रस्त्यावर जातो.

तर त्या मंडपांतच हा नवा धंदा सुचला. म्हाताऱ्या माणसांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरजवळची खुर्ची देतात आणि सगळे निघून जातात. मी माइक बंद केला की ही माणसं माझ्याशी बोलायची. कुणी सायकलच्या कॅरिअरवर अख्खा संसार बांधून बीडहून आलेला, कुणी भिंतीही नव्हत्या तेव्हापासून कंपनीच्या जागेची राखण केलेला. मी आपला गुलाबजाम हातात धरून ऐकत बसायचो आणि पाक कोपरापर्यंत यायचा. म्हटलं, हे कुणीतरी धरून ठेवायला पाहिजे राव. एक बरा रेकॉर्डर घेतला, एका फोटोवाल्या मित्राला आवाज साफ करायला पटवलं, आणि दारावर पाटी लावली, 'सांगून ठेवा'. माणसानं आपलं आयुष्य सांगायचं, आम्ही ते घरच्यांना पेनड्राइव्हमध्ये द्यायचं. मंदा पाटी वाचून म्हणाली, "तुम्ही दुसऱ्याचं ऐकणार? आधी माझ्यावर सराव करा."

पहिलं काम आलं ते कुरुळीच्या सुजाताताईंचं. वाकडला एका ऑफिसात हिशेब बघतात. त्यांचे वडील, बापू, फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून घडवायच्या कंपनीतून रिटायर झालेले. गळ्यात गाठ निघाली होती. सोमवारी ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचेल, आवाज जाईल. फोनवर ताई म्हणाल्या, "भाऊ, आई गेली तेव्हा तिचा आवाज कुठंच राहिला नाही. एका लग्नाच्या व्हिडिओत ती बोलते, पण तेवढ्यात कुणीतरी माइकवर जेवणाचं ओरडतं." तो मी नव्हे, असं मी लगेच म्हणालो नाही. खात्री नव्हती.

शनिवारी सकाळी निघालो. भोसरी मागं पडली, मोशी गेली, इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि रस्त्याच्या दोन्ही अंगाला शेडच शेड. एकेक शेड एवढी, की आमची सगळी गल्ली आत बसेल, वर पाहुण्यांना जागा उरेल. शेजारून लोखंडी पिंजऱ्याचे ट्रेलर चाललेले, त्यात नव्या कोऱ्या गाड्या एकीवर एक, खुराड्यातल्या कोंबड्यांसारख्या. एका ट्रेलरकडं बघता बघता मी पुढच्या छोट्या हत्तीला (माल वाहायच्या लहान टेम्पोला) टेकलो. ड्रायव्हर उतरला, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच आलात का म्हणून विचारलं. जन्म पिंपरीतला असूनही मी हो म्हणालो.

कुरुळीत गाव कुठं संपतं आणि कंपनी कुठं सुरू होते ते कळत नाही. प्रत्येक गॅलरीत राखाडी-निळे युनिफॉर्म वाळत होते. बापूंच्या दारात मी जयभीम घातला, त्यांनी नुसती मान हलवली. उंच, सुकलेला माणूस, गळ्याभोवती मफलर. दोन्ही हातांवर जुन्या भाजल्याचे ठिपके.

मी माइक मांडला आणि लग्नातल्या आवाजात सुरू झालो. बापू, आपला जीवनप्रवास, आपलं बालपण, आपले संस्मरणीय क्षण. बापू खिडकीबाहेर बघत राहिले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सांगण्यासारखं काही नाही." मला वाटलं, माणूस लाजतोय, आपण जरा मोकळं करावं. म्हणून मी माझं बालपण सांगितलं. मग शाळा. मग नवरदेव म्हणून थोरल्या भावाचं नाव पुकारल्याचा किस्सा. बापू एकदा गालात हसल्यासारखे वाटले, तेव्हा आणखी रंगात आलो.

शेवटी सुजाताताईंनी हेडफोन लावून काय आलंय ते ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग हेडफोन काढून शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, ह्यात सगळे तुम्हीच आहात."

जमिनीत जावंसं वाटलं, पण तेवढ्यात ताट आलं म्हणून थांबलो. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (येसर म्हणजे धान्य आणि मसाला भाजून केलेलं पीठ, बापूंचं घर मूळचं मराठवाड्याकडचं). मी तीन वेळा वाढून घेतलं, कामाच्या नावानं शून्य. जेवताना ताई हळूच म्हणाल्या, की बाबा घरात कधी फारसं बोललेच नाहीत. कंपनीतून यायचे, जेवायचे, झोपायचे. आता उद्याचा एक दिवस राहिलाय. बोलले तर ते फक्त महाळुंग्याच्या नामदेव आबांशी बोलतील. आबा आणि ते एकाच मशीनवर होते, पण आबांचे गुडघे गेलेत, ते येऊ शकत नाहीत. मी म्हटलं, मग आपण जाऊ.

ताईंनी तोंडाला गुलाबी स्कार्फ गुंडाळला, बापूंना मागं बसवून पांढरी स्कूटर काढली आणि मी मागून निघालो. निघोज्याच्या रस्त्याला कंपन्यांच्या बसेस मध्ये आल्या. बस गेल्यावर बघतो तर पांढरी स्कूटर, गुलाबी स्कार्फ, बरोबर. ठेवली नजर. स्कूटर वळली, मी वळलो. स्कूटर एका कंपनीच्या गेटवर थांबली. मागं बापू नाहीत. म्हटलं, म्हातारा पडला कुठं. त्या बाईनं स्कार्फ खाली केला, भलतीच पोरगी. "काका, निघोज्यापासून बघतेय, काय काम आहे?" सिक्युरिटीवाला काठी घेऊन उठला. मी खरं सांगितलं, की मी एका आजोबांचा आवाज शोधतोय. त्यानं माझं तोंड हुंगून बघितलं. मग पोरीलाच दया आली आणि तिनं महाळुंग्याचा रस्ता दाखवला.

नामदेव आबांचं घर एका कंपनीच्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडं पत्रा ठोकायचं कसलंतरी प्रेस मशीन चालू होतं, आणि दर घावाला अंगणातल्या तांब्यातलं पाणी थरथरत होतं. आबा बाजेवर, ताई पायरीवर. बापू मात्र अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला उभे राहिलेले. मला वाटलं, ह्यांचं भांडण आहे.

तेवढ्यात बापूंनी हात वर केला. आबांनी केला. आणि ते दोन म्हातारे बोलायला लागले. हातांनी. बोटं, मनगट, कोपर, हनुवटी, सगळं चाललेलं, झपाझप. बापू कपाळाला आठ्या घालत होते, मान उडवत होते, मध्येच पोट धरून वाकत होते. सकाळी माझ्यासमोर जो माणूस भिंतीसारखा बसला होता, तो हाच का, म्हणून मी दोनदा बघितलं.

मी धावत जाऊन माइक दोघांच्या मधोमध धरला. हातांचा आवाज येतो की काय, देव जाणे. आबा वैतागले. "पावणं, ते वांगं बाजूला घ्या. मला त्येचं हात दिसंनात."

मग आबांनीच उलगडून सांगितलं. फोर्जिंगच्या शेडमध्ये हॅमर (यंत्राचा अवाढव्य घण) पडत असताना शेजारच्याची बोंब ऐकू येत नाही. आबा हॅमरच्या पॅडलवर, आणि समोर बापू सांडशी घेऊन (तापलेलं लोखंड धरायचा लांब चिमटा). एकाची चूक म्हणजे दुसऱ्याचा हात. म्हणून शेडनं आपली भाषा केली. अंगठा ओठाला म्हणजे चहा. मनगटावर दोन बोटं म्हणजे ओव्हरटाइम. मिशीला पीळ म्हणजे साहेब आला. पहिल्या साहेबाला मिशी होती, पुढचे सगळे सफाचट आले तरी खूण तीच राहिली. सगळी नोकरी ही माणसं अशीच बोलली. एकमेकांची टर उडवली, भांडली, पोरांची लग्नं ठरवली. तोंडानं बोलायची सवयच मोडली, आणि घरी कुणाला ही भाषा येत नव्हती.

सुजाताताई पायरीवरून उठल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "बाबा इतकं बोलतात?"

मला त्या दिवसात पहिल्यांदा अक्कल सुचली. आबांना म्हटलं, बापू हातानं सांगतील ते तुम्ही मोठ्यानं बोला. मी रेकॉर्डर बाजेवर ठेवला आणि तोंडावर हात धरून बसलो. ताईंनी मोबाइलवर बापूंचे हात घेतले.

आबा सांगत गेले. गावाकडून आल्यावरची पहिली शिफ्ट, पहिलं भाजणं, संपातले उपाशी दिवस. मग बापूंचे हात जरा सावकाश झाले, आणि आबा हसायला लागले.

"ह्याची पोरगी झाली तवाचं सांगतोय. गेटवर फोन आला. गेट तिकडं, आमी हिकडं, मधी सगळी शेड. गेटवाल्यानं दारातल्याला खूण केली, त्यानं फुडच्याला. पर पोरीची खूणच न्हवती आमच्याकडं. आगीची व्हती, सायबाची व्हती. शेडमधी पोरीचं काम कवा कुणाला पडलंच न्हाई. मंग ज्याला जे सुचंल ते. एकानं येणी दावली, एक कंबर हालवत नाचला. असं करत माझ्यापतूर आलं, आन मी ह्याला बांगड्या दावल्या."

"खोटं," बापू म्हणाले.

तोंडानं म्हणाले. गंजलेलं दार ओढल्यासारखा आवाज.

"टिकली दाखवली तू. बांगड्या भट्टीवाल्यानं." बापू चालत आले आणि बाजेवर, रेकॉर्डरच्या शेजारी बसले. "माझ्या सांडशीत लाल लोखंड. घाव पडल्याबिगर सोडता येत नाही. ह्यानं कपाळाला बोट लावलं, मला कळलं. मानेनंच म्हणलं, मार. त्यानं मारला. मग मान वर केली तर समदी शेड कपाळाला बोट लावून माझ्याकडं बघायली. घामानं धुतलेली तोंडं, अन् बोटाला काळं तेल. ज्याच्या त्याच्या कपाळावर काळी टिकली." थांबून त्यांनी श्वास घेतला. "शिफ्ट सुटली तरी कुणी पुसली नाही. गेटातून तसेच गेले समदे. लोकं बघायले रस्त्यावर."

भिंतीपलीकडं प्रेस चालूच होतं. सुजाताताईंनी उठून त्यांना पाणी दिलं, बापू ते सावकाश प्यायले, आणि पुढं स्वतःच सांगायला लागले. दुखत होतं, मफलरवरून गळा धरत होते, पण सांगत होते. पोरीला शाळेत घातलं ते, बायको आजारी पडली ते. आबा मध्येच हातानं काहीतरी खोडसाळ बोलायचे आणि बापू तोंडानं शिवी द्यायचे. चांगली खणखणीत शिवी. ताई म्हणाल्या, ही पण राहू द्या.

अंधार पडायच्या आत परत फिरलो. चाकणच्या बाजूनं शिफ्टच्या बसेस येत होत्या, खिडक्याखिडक्यांत माणसं काचेला डोकं टेकून झोपलेली. ह्यांतल्या किती जणांच्या पोटात अशा शेडच्या किती गोष्टी असतील, असं मनात आलं आणि मी गाडी कडेला घेऊन जरा वेळ नुसता बघत उभा राहिलो. एरवी मी ह्या बसेसना हॉर्न मारतो.

घरी मंदाला रेकॉर्डिंग ऐकवलं. तिनं ऐकून झाल्यावर शिट्टीचं विचारलंच नाही. फोटोवाला मित्र म्हणाला, मधली शांतता आणि ते प्रेसचे ठोके कापून टाकतो. मी म्हटलं, हात लावलास तर बघ. तिथंच तर बोलतायत ते.

ऑपरेशन नीट झालं. काही दिवसांनी पेनड्राइव्ह घेऊन मी दवाखान्यात गेलो. घशाच्या पेशंटांचा वॉर्ड. प्रत्येकाच्या उशाशी लिहायची पाटी. पण पाट्या कोऱ्याच. चहावाली मावशी आत आली तसे सगळ्या खाटांवरून अंगठे ओठांना लागले. एका आजोबांनी तर डॉक्टर येताना बघून मिशीला पीळ भरला. बापू मधल्या खाटेवर, गळ्यात नळी, मास्तरसारखे बसलेले. सुजाताताई शेजारी, त्यांचे हात अजून अडखळत होते, बापू त्यांची बोटं धरून सरळ करत होते.

बापूंनी हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐकला. डोळे मिटून, शेवटपर्यंत. मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि हातानं काहीतरी लांबलचक बोलले. शेवटी माझ्या पोटाकडं बोट केलं.

सगळा वॉर्ड हसला. आवाज अजिबात नाही. नुसते खांदे हलत होते, खाटा करकरत होत्या, एकाला तर नर्सनं धरून निजवलं. काय म्हणाले, म्हणून मी ताईंना विचारलं, तर त्याही तोंडावर ओढणी धरून हसत होत्या, आणि अजून त्यांनी सांगितलेलं नाही. इतकी वर्षं माइक धरून मी लोकांना हसवतोय, पण एवढं मोठं हसू मला कधी मिळालं नव्हतं. मी तिथंच उभा राहून सगळ्यांना वाकून नमस्कार केला.