धाकटी चार बोटं उंच

सांगून टाकते एकदाचं: ज्या तिवईवर बसून आदल्या दिवशी मी भांडी घासली होती, तिच्यावरच मी महालक्ष्मी उभी केली. वय सोळा. अक्कल अजून माहेराहून निघायची होती.

ती तिवई आफ्रिकेची. पूर्ण्याला रेल्वेत असलेल्या मामेसासऱ्यांना तिकडून परतलेल्या सोबत्यानं दिलेली. एकाच ओंडक्यातून कोरलेली, तीन पायांची, बसायची जागा परातीसारखी खोलगट. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी ती आमच्या जिंतूरकडच्या घरी आली आणि सगळ्यांचीच झाली. सासरे तिच्यावर बसून दाढी करत, मी चढून शिंक्यातलं लोणी काढी, थोरल्या जाऊबाई ती पालथी घालून तिच्या पायांवर गोधडीचा दोरा गुंडाळत.

त्या साली गौरीच्या सणाला सासूबाईंनी दोघींतली धाकटी महालक्ष्मी सजवायचं काम पहिल्यांदा माझ्याकडं दिलं. देवीखालची लोखंडी अडणी काढताना माझ्या हातून पडली, तिचा पाय निखळला. सांगायचं सोडून या शहाणीनं तिवई उचलली. तिच्यावर देवीच्या धडाची पत्र्याची कोठी ठेवली, वर पितळी मुखवटा, आणि साडीच्या निऱ्यांखाली सगळं पाप झाकलं.

दुसऱ्या दिवशी पूजेला बायकांनी घर भरलं. आरती सुरू झाली आणि धाकटी डुलली. खोलगट जागेत कोठी नीट टेकलीच नव्हती. जाऊबाईंना आठवा महिना लागलेला. मुखवटा खाली आला असता, तर बाळंतपणात खुट्ट झालं तरी खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं. आणि मलाही ते खरंच वाटलं असतं.

मी मागं सरकले, पदराआडून देवीची पाठ घट्ट धरली.

"पोरगी लय भाविक हाय बगा," शेजारची म्हातारी म्हणाली. "देवीपसून हलंना."

घामानं हात निसटायला लागला. तेवढ्यात जाऊबाईंनी दोन्ही देव्यांकडं निरखून पाहिलं, सासूबाईंना विचारलं.

"आत्याबाई, धाकटी थोरलीपरीस चार बोटं उंच कशी वो झाली?"

"सजवणारी बी धाकटीच हाय न्हवं!" कुणीतरी म्हणालं. बायका खदखदल्या. कोठी आणखी बोटभर सरकली.

"पंगत बसायलीय, वाढायला ये," सासूबाईंची हाक.

"आले आत्याबाई." आले कुठली! दुसरी हाक झाली. तिसरीला त्या स्वतःच आल्या. निऱ्या सारख्या करायच्या निमित्तानं वाकल्या, आणि त्यांचा सोवळ्यातला हात तिवईच्या पायावर जाऊन थांबला.

त्यांनी वर पाहिलं. मी जमिनीकडं. आता सगळ्यांसमोर झिंज्या धरणार, एवढंच डोक्यात.

त्यांनी ओटीतला खण उचलला, चौघडी केली आणि कोठीखाली खुपसली. वरून दाबून पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाल्या, "खरकटं लागलं हाताला. पुन्ना अंग धुऊन येते." आणि न्हाणीकडं गेल्या.

मी एकेक बोट सोडलं. देवी जागची हलली नाही. पुरणाचं भांडं उचलून वाढायला गेले.

पंगती उठल्यावर परसात गाठून मी त्यांचे पाय धरले, अडणीचं सांगितलं, रडले. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं.

"काई मोडलं तर आदी मला सांगायचं. देवीचं काय, ती उद्या जायलीय. मी हितंच हाय."