बोनेटवरचं स्वस्तिक

भाड्याची गाडी परत करून आलो त्याला आठवडा होत नाही, तर कंपनीचा मेसेज. अनामत परत मिळणार नाही, बोनेटचा रंग खराब झालाय, वरून आणखी पैसे भरा. मी बीडला शाळेत डबा उघडून बसलो होतो. भाकरीचा घास तोंडातच फिरायला लागला. सुट्टीत कोकणात जाऊन आलो होतो आम्ही तिघं, मी, बायको आणि माय. अख्खा घाट मी मागच्यांच्या शिव्या खात दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो होतो. गाडीला कुठं ओरखडासुद्धा नाही, आणि हे म्हणतात रंग खराब!

तिथल्या तिथं फोन लावला. "लुटायला बसलात का बे?" म्हणालो. मास्तराला शोभत नाही, पण माझं डोकं असंच आहे, आधी तापतं आणि मग चालतं. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "सर, फोटो पाठवलाय, बघून घ्या."

फोटो उघडला. पांढरं बोनेट आणि मधोमध फिकट लाल स्वस्तिक, एक पाय जरा लांब झालेलं. ते माझ्या मायनं काढलेलं होतं.

वडील गेल्यापासून माय कुठल्या शुभकामात हात घालत नव्हती. कुणी बोलवायचं नाही, आणि बोलावलंच तर ही भिंतीला टेकून उभी. गाडी आमच्या गावी, नेकनूरला, दारात आली त्या सकाळी बायको ताट घेऊन तिच्यापुढं गेली. "आत्याबाई, गाडी तुमी ओवाळायची. समुद्र तुमालाच दावायला निघालोत."

माय मागं सरकली. "मला कावून हात लावाया लावती गं? काय वंगाळ झालं म्हंजी?"

बायको कसली ऐकते! ताट सासूच्या हातात दिलं आणि स्वतः नारळ घेऊन बाजूला झाली. मग मायनं वाऱ्यानं उडू नये म्हणून कुंकू तेलात कालवलं आणि बोनेटवर चांगलं तळहाताएवढं स्वस्तिक काढलं. एक पाय जरा लांबच ओढला गेला. काढून झाल्यावर चार पावलं मागं होऊन बघितलं आणि हसली. पुढं वाटभर, चहाला थांबलो की आधी बोनेटपुढं जाऊन बघायची, हाय का म्हणून.

आता पूजेचं स्वस्तिक आपल्या हातानं कोण पुसतं? आमच्याकडं ते जाईल तेव्हा आपोआप जातं. परत करायच्या आधी गाडी मी लख्ख धुतली, पण फडकं स्वस्तिकाच्या कडेकडेनं फिरवलं. कडक ऊन, तेल आणि कुंकू. रंगानं ते धरून ठेवलं.

पैशाचं वाईट वाटत होतंच, खोटं कशाला बोलू? पण खरी धास्ती निराळी होती. मायला हे कळलं तर ती एकच म्हणणार, म्या म्हणलं हुतं न्हवं, माझा हात नको. आणि पुन्हा जन्मात ताटाला शिवणार नाही.

म्हणून मी भांडायचो ते घरापासून लांब, शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी. "अहो, कुंकू आहे ते. पॉलिश मारा, निघेल. पॉलिशचे काय ते घ्या. अख्खं बोनेट रंगवायचे पैसे कशाला?" ते म्हणायचे, सर, कंपनीचा नियम आहे. नियम गेला चुलीत! मी मेलवर मेल लिहिले. गाडी ताब्यात घेताना तुमच्याच माणसानं त्या स्वस्तिकाला हात जोडले होते, हेही लिहिलं.

मग एका दुपारी तो गोड आवाज म्हणाला, "सर, तुम्ही मिटवत नसाल तर आम्ही तुम्ही दिलेल्या दुसऱ्या नंबरवर बोलतो."

गाडी घेताना घरातल्या कुणाचातरी दुसरा नंबर मागितला होता आणि मी मायचा दिला होता. "तिथं फोन करायचा नाही हां, सांगून ठेवतो," मी ओरडलो. पण त्यानं फोन ठेवला होता.

मायला लावला तर बिझी. हेडमास्तरांना काहीतरी सांगून निघालो. बीडहून नेकनूरपर्यंत मोटारसायकल कशी हाणली माझं मला ठाऊक. वाटेत मनातल्या मनात एकच जप, तिच्या भावाचा फोन असू दे, मामाच बोलत असू दे.

माय ओट्यावर बसली होती. त्यांनी पुन्हा लावला असावा, फोन दोन्ही हातांनी कानाला धरलेला. लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ती मोठ्यानंच बोलते.

"व्हय, व्हय, म्याच काढलं ते. त्याला नका बोलू बाबा, लई तापट हाय, पर मनात काय नसतंय त्याच्या. माझा सरकारचा निराधारचा पगार येतो, त्यातनं घ्या. चुकलं माझं."

मी फोन हिसकावून घेतला. पलीकडून कट झाला होता.

"मला कावून न्हाई सांगितलं?" माय म्हणाली. बायको आतून धावत आली. "आत्याबाई, तुमचं काय चुकलं? ताट म्याच दिलं की."

"तू गप. मला ठावं हुतं," एवढंच बोलली आणि पीठ मळायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाचाच फोन आला. आवाज खाली आलेला. "सर, पॉलिश करून घेतलं, निघालं. तेवढे कापून अनामत परत पाठवतो. आजींना सांगा, त्यांच्याकडून काही नको." सोबत फोटो होता, बोनेट कोरं करकरीत. मी जिंकलो होतो! फोन घेऊन तसाच मायकडं गेलो. "बघ माय, काय बी झालं न्हाई. गेला डाग."

तिनं फोन लांब धरून बराच वेळ बघितलं. "समदं गेलं?"

"समदं."

"बरं झालं," म्हणाली.

दसऱ्याला मी मोटारसायकल धुतली, झेंडूचा हार घातला आणि ताट मायपुढं धरलं. ती नाही म्हणणार, हे धरूनच चाललो होतो. काय काय बोलायचं ते रात्रीच ठरवून ठेवलं होतं. पण तिनं नाही म्हटलंच नाही. कुंकू घेतलं, तेलाला हात लावला नाही, पाण्यातच कालवलं. मग पेट्रोलच्या टाकीकडं बघितलं, हेडलाइटकडं बघितलं.

"कुठं लावू?"

"कुठं बी लाव की माय, आपलीच गाडी हाय."

ती वाकली आणि खाली, नंबरप्लेटच्या आडोशाला, मोहरीएवढा ठिपका लावला.

"पुसायचं आसंल तर आत्ताच सांग," म्हणाली, आणि पदराचं टोक हातात धरून थांबली.